उदाहरण क्रमांक चौदा

श्रीदेवीचा आधीचा लेख तिला स्वतःलाच वाचता आला नव्हता. परदेशातल्या एका नावाजलेल्या मासिकात तो छापून आला, आणि आला तो थेट कुलपातच गेला. ती शिकवायची त्या कॉलेजाकडं त्या मासिकाची वर्गणी नव्हती. लेखिका असूनही आपलाच लेख बघायचा तर कार्डाचा नंबर टाका, असं पडद्यावर लिहून यायचं. शेवटी हैदराबादच्या एका मैत्रिणीनं तिला तो चोरून पाठवला तेव्हा कुठं आपलं नाव छापील अक्षरात बघायला मिळालं.

म्हणून नव्या प्रकल्पाला पैसा देणाऱ्या प्रतिष्ठाननं जेव्हा अट घातली, की लेख छापल्या दिवसापासून जगात कुणालाही फुकट वाचता आला पाहिजे, आणि त्यामागची सगळी सामग्रीही उघड्यावर ठेवली पाहिजे, तेव्हा श्रीदेवीनं आनंदानं सही ठोकली. सामग्री म्हणजे कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मुरुम गावातल्या आणि आसपासच्या लोकांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं. इथल्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरात वाक्य मराठीत सुरू होतं आणि शेपूट कानडीत येतं. त्यातलं एकच शेपूट श्रीदेवीनं धरलं होतं, ते म्हणजे 'अंत'. मराठीत जिथं आपण 'म्हणे' म्हणतो, तिथं इथली जुनी माणसं मराठी वाक्यालाच 'अंत' लावून मोकळी होतात. 'पाऊस येणार हाय अंत.' म्हणजे लोक म्हणतात बाबा, मी काही सांगत नाही.

चार वर्षं ती या 'अंत'च्या मागं फिरली. आणि तिचा सगळ्यात उत्तम बोलणारा माणूस निघाला तिचाच बाप. गुंडप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत होती. दुकानापुढच्या कट्ट्यावर बसून ते तूर-हरभऱ्यापासून दिल्लीच्या राजकारणापर्यंत सगळ्याला असा काही 'अंत' लावायचे, की ऐकणाऱ्याला त्या गोष्टीतली हवा गेल्याचा आवाज यावा.

काम संपलं आणि खरा त्रास सुरू झाला. सामग्री ज्या भांडारात ठेवायची त्या भांडारानं देवनागरीतली नावं घेतली नाहीत, म्हणून शेकडो फायलींची नावं इंग्रजीत बदलावी लागली. मग त्यानं विचारलं, भाषा कोणती? एकच निवडता येत होती. श्रीदेवीचा सगळा प्रकल्पच या गोष्टीवर होता, की ही बोली एका भाषेत मावत नाही. तिनं मराठी निवडलं, तर तपासनिसानं परत पाठवलं, की यात कानडी आहे. कानडी निवडलं, तर दुसऱ्या तपासनिसानं परत पाठवलं, की यात मराठी आहे. मग परवाना कोणता, लेखाची कुठली प्रत ठेवायची, छापायच्या आधीची की नंतरची, मासिक प्रतिष्ठानच्या यादीत बसतं का, असं एकेक. प्रतिष्ठानच्या पुण्याच्या कार्यालयात अर्पिता नावाची एक बाई या सगळ्या अटींचं बघायची. तिचा आवाज इतका गोड होता, की फोन ठेवल्यावरच कळायचं, काम झालेलं नाही.

बोलणाऱ्यांची नावं मात्र श्रीदेवीनं नीट झाकली होती. रेकॉर्डिंगमध्ये जिथं कुणाचं नाव आलं तिथं टीं असा आवाज टाकला, लिहून काढलेल्या मजकुरात नावाच्या जागी आकडे घातले. राहिलं ते एका ठिकाणी, खुद्द लेखात. मासिकाच्या परीक्षकानं बजावलं होतं, की उदाहरणातली वाक्यं बोलली तशीच्या तशी द्या, एक अक्षर इकडचं तिकडं नको. तर तिनं दिली. त्यातल्या एका नावाचं अप्पांना, म्हणजे बापाला, विचारू, असं तिच्या मनात होतं. पण तेव्हा परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते, आणि मुरुममध्ये इंग्रजीतला भाषाविज्ञानाचा लेख वाचणार कोण?

लेख आला. अर्पिताचं अभिनंदनाचं पत्र आलं. आणि दोन आठवड्यांनी सिद्धारामकाका कॉलेजात आले.

सिद्धारामकाका म्हणजे गुंडप्पांचे शाळेपासूनचे दोस्त. एकानं आडत टाकली, दुसऱ्यानं डाळमिल. पण सकाळचा चहा दोघांचा कधी वेगळा झाला नाही. श्रीदेवीचं नाव ठेवलं तेव्हा पाळण्याची दोरी ओढायला काकाच होते. गावात त्यांना मान होता तो डाळमिलमुळं नव्हे. चौऱ्याहत्तर साली मराठवाड्यातल्या पोरांनी विकासासाठी आंदोलन केलं, तेव्हा काका अकरा दिवस जेलात होते. सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनाला, शाळेत झेंड्याला त्यांना बोलवायचे, फेटा बांधायचे, आणि काका पोरांना त्या अकरा दिवसांचं सांगायचे.

आज ते स्टाफरूमच्या दारात उभे होते. पांढरा शर्ट, कपाळावर भस्म, हातात छापलेले कागद.

"बसा की काका," श्रीदेवी उठली.

"बसत न्हाय. हे वाचून दाखव."

पानावर कुणीतरी पिवळ्या पेनानं रेघ ओढली होती. उदाहरण क्रमांक चौदा. 'सिद्धाराम अकरा दिवस जेलात होता अंत.' खाली शब्दाशब्दाचा अर्थ, आणि त्याखाली इंग्रजीत एक ओळ.

"त्या खालच्या वळीचं मराठी सांग. उमाशंकरनं फोनवर सांगितलंय मला, पर तुज्या तोंडून ऐकायचंय." उमाशंकर म्हणजे काकांचा नातू, बंगळुरात नोकरीला. आजोबांच्या पंचाहत्तरीसाठी जुनी माहिती काढावी म्हणून त्यानं इंटरनेटवर त्यांचं नाव आणि गाव टाकलं होतं. जगातून एकच गोष्ट वर आली, ती ही.

श्रीदेवीनं खाली बघून वाचलं. "'अंत'मुळं असं कळतं, की... बोलणाऱ्याचा या गोष्टीवर विश्वास नाही."

"कुनाचा इश्वास न्हाय?"

"काका, बोलणाऱ्याचं नाव आम्ही देत नाही..."

"नाव कशाला पायजे? खाली ती लिंक हाय न्हवं, ती दाबली उमाशंकरनं. माजं नाव आलं की टीं वाजतंय, आन् मागनं गुंड्याचा आवाज खणखणीत! नाव दाबलंस आन् आवाज तसाच सोडलास व्हय गं? आन् फुडं काय म्हनतोय, आळंदला भैणीच्या घरी पुरणाची होळिगी खात हुता. हसतोय वर."

आजूबाजूचे प्राध्यापक कपाटात काहीतरी शोधायला लागले.

"हे सगळ्या जगाला दिसतंय?"

"हो काका."

"फुकट?"

"फुकट."

काकांनी कागदांची घडी घातली. "पैशे पडले असते तर बरं झालं असतं," ते म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कट्ट्यावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. गुंडप्पांनी दोन्ही दिवस दोन चहा मागवले, दोन्ही दिवस दुसरा चहा हमालाला दिला, आणि वर त्याच्यावरच ओरडले, की पोती नीट रचत नाहीस.

श्रीदेवीला वाट दिसली ती तिच्याच विषयातून. जेवायच्या वेळी ती बापाला म्हणाली, "अप्पा, 'अंत' म्हणजे नुसतं 'म्हणे' असंही होतं ना? ऐकलं ते सांगितलं, खरं-खोटं माहीत नाही, एवढंच?"

"व्हतंय की."

"मग तुम्ही तसंच म्हणाला होता असं मला लिहून द्या. मी मासिकाला कळवते, माझा अर्थ चुकला. काकांचा मान राहील, तुमचाही शब्द राहील."

गुंडप्पांनी भाकरी ताटात ठेवली. "तुजा अर्थ चुकला न्हाय. एकदम बराबर हाय. म्या खोटं हाय म्हनूनच म्हनलो."

"अप्पा!"

"शिकवून सवरून तुला परफेसर केली, आन् आता पयल्यांदा तुला माजं बोलणं नीट कळलं, तर ते चूक म्हन म्हनतीस?"

श्रीदेवी मासिकाकडं वळली. मासिकानं कळवलं, की छापलेला लेख बदलता येत नाही. दुरुस्तीची टीप जोडता येईल, पण मूळ ओळही दिसत राहील, कारण शास्त्रात झालेलं झाकायचं नसतं. कुणा वाचकाला आक्षेप असेल तर त्यानं तो इंग्रजीत, संदर्भांसह पाठवावा, परीक्षक त्यावर मत देतील. सिद्धारामकाकांचं इंग्रजी म्हणजे डाळीच्या पोत्यावरचं 'नेट वेट' एवढंच.

मग तिनं अर्पिताला फोन लावला.

"मी समजू शकते मॅडम," अर्पिता म्हणाली. "आक्षेप घेणारी व्यक्ती बोलणाऱ्यांपैकी आहे का?"

"नाही. त्यांच्याबद्दल बोललं गेलंय."

"म्हणजे आपल्या व्याख्येप्रमाणे ती तिसरी व्यक्ती झाली."

"अहो, ती तिसरी व्यक्ती माझ्या बारशाला होती!"

"मी समजू शकते. तुम्ही त्या रेकॉर्डिंगपुरता बंद ठेवण्याचा अर्ज करा ना. आपलं धोरणच आहे, शक्य तितकं खुलं, गरज असेल तितकंच बंद."

श्रीदेवीनं अर्ज उघडला. बंद ठेवण्याचं कारण यादीतून निवडायचं होतं. व्यापारी गुपित. देशाची सुरक्षा. दुर्मिळ प्राण्याचा ठावठिकाणा. आरोग्याची खाजगी माहिती. ती यादी तिनं वरून खाली आणि खालून वर वाचली. साठ वर्षांची दोस्ती मोडते आहे असं त्यात कुठंच नव्हतं. शेवटी 'इतर' वर टिचकी मारून तिनं दोन ओळीत जे घडलं ते लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं. कारण अपुरे आहे. संबंधित नाव आधीच झाकलेले दिसते. तुमच्या काळजीपूर्वक कामाबद्दल आभार.

ते उत्तर वाचून श्रीदेवी इतक्या मोठ्यानं हसली, की शेजारच्या वर्गातून शिपाई बघायला आला. मग तिला रडूही आलं, पण ते तिनं तासाला जायचंय म्हणून आवरलं.

या सगळ्यात चूक कुणाची, हे तिला धरता येत नव्हतं. अट चुकीची नव्हती. ती अट नसती तर हाही लेख कुलपात गेला असता आणि तिनं पुन्हा मैत्रिणीपुढं हात पसरला असता. अर्पिता चुकीची नव्हती. अप्पा खोटं बोलले नव्हते. एक नाव तिनं झाकलं नाही, एवढं तिचं. आणि ते झाकलं असतं तरी आवाज राहिलाच असता. पण संताप येत होता तो येत होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती.

शेवटी ती काकांच्या घरी गेली. लक्ष्मम्माकाकूंनी दार उघडलं, बस म्हणाल्या, आणि आत चहा टाकायला गेल्या. काका झोपाळ्यावर होते. श्रीदेवीनं काही न लपवता सगळं सांगितलं. लेख बदलत नाही. रेकॉर्डिंग निघत नाही. बंदही होत नाही.

काकांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. "काडता येत न्हाय. घालता येतंय का?"

"म्हणजे?"

"त्याचं घातलंस, तसं माजं घाल. त्याच जागी. ज्यानं त्याचं ऐकलं, त्यानं माजंबी ऐकावं. आन् माज्या नावावर टीं वाजवायचं न्हाय. सिद्धाराम म्हनजे सिद्धाराम."

श्रीदेवीनं फोन काढून टेबलावर ठेवला, संमतीचा मजकूर वाचून दाखवला. काका सरसावून बसले आणि बोलायला लागले ते चहा निवून त्यावर साय धरली तरी थांबेनात.

बसस्टँडवर घोषणा देताना धरलं. चौकीत दोन दिवस कोंडलं. तिसऱ्या दिवशी वडलांनी ओळखीच्या माणसाचे पाय धरून सोडवलं, आणि घरी न आणता परस्पर सरहद्दीपलीकडं आळंदला बहिणीकडं धाडलं, कारण गावात पोलीस पुन्हा शोधत होते. तिथं नऊ दिवस मागच्या खोलीत. "दार भाईरनं लावलेलं. उजेड न्हाय. लघवीला जायचं तरी अंधार पडायची वाट बघायची. ह्याला जेल न्हाय म्हनायचं तर काय म्हनायचं? आन् होळिगी म्हनतोय! होळिगी येकदाच केल्ती अक्कानं. येकदा!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन् हे कोन सांगतंय जगाला? गुंड्या. गुंड्या माजा जिवाचा दोस्त हाय अंत!"

श्रीदेवीच्या अंगावर काटा आला. चार वर्षांत इतका स्वच्छ, इतका जळजळीत 'अंत' तिला मिळाला नव्हता. समोर एक म्हातारा माणूस दुखावून बोलतोय आणि आपण प्रत्यय मोजतोय, याची तिला लाज वाटली. तरी तिनं हळूच फोनकडं बघून घेतलं, रेकॉर्ड होतंय ना म्हणून.

अर्पिताला हे कळवल्यावर तिनं समजू शकते म्हटलं, आणि सांगितलं, की प्रकल्प मार्चमध्ये बंद झाला आहे, बंद प्रकल्पात नवी सामग्री घेता येत नाही. तिथं मात्र श्रीदेवीचा बांध फुटला.

"अर्पिता मॅडम, उघडं ठेवा, उघडं ठेवा म्हणून तुम्ही चार वर्षं माझ्या मागं लागलात. आता एक माणूस स्वतःहून म्हणतोय माझं बोलणं उघडं ठेवा, नावासकट ठेवा, तर तुमचं दार बंद! तुमच्याच नियमात लिहिलंय, सामग्री पुरी आणि अचूक ठेवण्याची जबाबदारी संशोधकाची. ती अपुरी आहे. मी संशोधक आहे. मी सांगतेय."

पलीकडचा गोडवा पहिल्यांदाच गेला. मग अर्पिता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "खरं सांगू का? असं याआधी कुणी मागितलंच नाही. काय करायचं ते मलाही माहीत नाही. तुम्ही लेखी पाठवा, मी वर भांडते."

ती खरंच भांडली असावी. पत्रं गेली, पत्रं आली, भाषेच्या रकान्यावरून पुन्हा एकदा मराठी की कानडी झालं, आणि अखेर भांडारात दुसरी आवृत्ती चढली. मासिकानंही दुरुस्तीची टीप लावली. उदाहरणातलं नाव काढू का, असं श्रीदेवीनं काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, राहू दे. त्याखाली फक्त लिही, की दुसरी बाजू अमक्या ठिकाणी ऐका. तशी ओळ लागली.

श्रीदेवीनं त्या दिवशी दुपारी मोंढ्यात जाऊन गुंडप्पांच्या कानाला हेडफोन लावले. त्यांनी चष्मा घातला, जणू ऐकायलाही तो लागतो, आणि शेवटपर्यंत ऐकलं. रेकॉर्डिंग 'जिवाचा दोस्त' या शब्दांपाशी आलं तेव्हा त्यांचा जबडा हलला. मग हेडफोन काढून त्यांनी पोरीकडं बघितलं. श्रीदेवीला वाटलं, आता उठतील, चपला घालतील, डाळमिलकडं जातील.

"तिसरी कवा घालतीस?"

"काय तिसरी?"

"आवृत्ती का काय म्हनतीस ती. चौकीत दोन दिवस अंत! येक रात हुता, येक. म्या सोता डबा घेऊन गेल्तो. माजं परत घे, आन् चडव."

श्रीदेवीनं लॅपटॉप धाडकन मिटला. "नाही! अप्पा, नाही म्हणजे नाही. तिसरी नाही, चौथी नाही. तुम्ही सांगणार, मग काका सांगणार, मी मरेपर्यंत फायलींची नावं इंग्रजीत बदलत बसणार! डबा घेऊन गेला होता ना तुम्ही? मग हे त्यांना सांगा. तोंडावर. जगाला कशाला सांगताय?"

"तो बोलत न्हाय माज्यासंगं."

श्रीदेवीनं काकांना फोन लावला आणि एवढंच सांगितलं, की अप्पा पुन्हा रेकॉर्ड करायचं म्हणताहेत. दहा मिनिटांत मोटारसायकलवर मागं बसून काका हजर. आपल्या माघारी काही चढवतील या भीतीनं आले होते, हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी कट्ट्यावर बसकण मारली आणि म्हणाले, "घे रेकार्ड. म्याबी बसतो हितंच."

"येक रात हुतास," गुंडप्पा म्हणाले.

"दोन."

"डबा कुनी आनला हुता?"

"तू. दुसऱ्या दिशी. म्हनजे दोन दिवस झाले का न्हाईत?"

तिथून जे सुरू झालं ते अर्धं मराठीत, अर्धं कानडीत, आणि उरलेलं हातवाऱ्यांत. हमाल पोती टाकून उभे राहिले. शेजारचे आडते आपापल्या गाद्या सोडून आले. डब्यात काय होतं यावरून दोघं उठून उभे राहिले. डबा आणला तो गुंडप्पांच्या आईनं दिला की सिद्धारामच्या, यावरून परत बसले. आणि मधेच गुंडप्पा बोलून गेले, "त्याच्या बापानं जमादाराला तसं सांगितलं अंतंत!"

श्रीदेवी ताठ झाली. 'अंतंत.' दुहेरी. लोक म्हणतात असं म्हणे. हे रूप मराठी वाक्याला लागूच शकत नाही, असं परीक्षकानं ठणकावून लिहिलं होतं, आणि तिच्याकडं पुरावा नव्हता म्हणून तिनं लेखातला सबंध परिच्छेद गाळला होता. तिचा हात फोनकडं गेला.

मग तिला संमतीचे कागद आठवले. एक नव्हे, हमाल आणि आडते धरून पंधरा. भाषेचा रकाना आठवला. नावाच्या जागी टाकायचे टीं आठवले. मार्च आठवला. तिनं फोन उचलला आणि पर्समध्ये टाकून पर्सची चेन लावली.

"अप्पा, काका, चहा सांगू का?" तिनं विचारलं.

दोघांनी एकदमच तिच्याकडं न बघता हात वर करून तिला गप्प केलं, आणि चौकीतला दुसरा दिवस उजाडला होता की नाही, हे भांडण पुढं चालू राहिलं.